दुमडलेली बाही

आफरीनच्या डोक्यावर केस होते, पण असून नसल्यासारखे. टक्कल म्हणावं तर नाही, विरळ म्हणावं तर तेही नाही. मोजायला बसलं असतं तर चारचौघींइतकेच भरले असते. फक्त ते कधी उभे राहत नसत. न्हाऊन वाळवले, उलटे विंचरले, मेथी वाटून थापली, अंड्याचा बलक चोपडला, तरी तासाभरात सगळे डोक्याला चिकटून बसत. शाळेत तिच्या वेणीला उंदराची शेपटी म्हणायचे. पुढे भावाच्या लग्नात तिनं हौसेनं गंगावन लावलं, तर ऐन जेवणात ते सुटून खाली पडलं आणि त्याच्यावर चाचीचा पाय पडला. "उंदीर! उंदीर!" करत चाची खुर्चीवर चढली. त्याला पंधरा वर्षं झाली, पण घरात कुणाचंही लग्न निघालं की आधी हा किस्सा निघतो आणि मग तारीख ठरते.

आफरीन हसायची. सगळ्यांबरोबर हसण्यात शहाणपण असतं हे तिला लवकर कळलं होतं. पण रोज सकाळी आरशासमोर ती दोन बोटांनी टाळूवरचे केस उचलून धरायची, दिसतं कसं ते बघायची आणि सोडून द्यायची. एकोणचाळीस वर्षांची झाली तरी हा खेळ चालूच होता.

मिरजेतल्या तंबोरे बनवणाऱ्या गल्लीत तिच्या वडिलांचं, दस्तगीरभाईंचं दुकान होतं. भाऊ दुबईला गेला होता. त्याची बायको शाहीन घर सांभाळायची आणि दुकान आफरीन. तंबोरा करणं म्हणजे नुसतं सुतारकाम नव्हे. भोपळा वाळवून कापायचा, दांडी जोडायची, खुंट्या बसवायच्या, तारा चढवायच्या. इथवर ज्याच्या हातात कसब आहे असा कुणीही येतो. खरं काम पुढचं, जवारीचं. तारा ज्या रुंद घोडीवरून जातात तिचा माथा कानशीनं किंचित घासायचा, तारेखाली सुती दोरा सरकवायचा, छेडून ऐकायचं, पुन्हा घासायचं. माथा कमी घासला तर तार मुकी राहते, जास्त घासला तर चिरकते. मधे कुठेतरी एक जागा असते. तिथे तार एकदम बोलायला लागते आणि एका तारेतून दहा सूर निघतात.

ती जागा सापडली हे ओळखायची दस्तगीरभाईंच्या घराची एक रीत होती. कामाला बसताना उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत दुमडायची. जवारी खुलली की हातावर काटा येतो. हातावरचे केस उभे राहिले की कानस खाली ठेवायची. मग अजून थोडं घासावंसं वाटलं तरी हात लावायचा नाही. आणि कानाला कितीही गोड लागलं, तरी केस झोपलेले असतील तर जागेवरून उठायचं नाही.

"कान लई लाडावल्याला असतोय," दस्तगीरभाई म्हणायचे. "त्याला काय बी चालतंय. हाताला विचार."

आफरीन दहा वर्षांची असल्यापासून हाताला विचारत आली होती, आणि तिचा हात गल्लीत नावाजलेला होता.

त्या वर्षी 'उभारी' मिरजेपर्यंत पोचली. मोठ्या शहरांत ती येऊन दोन वर्षं झाली होती. बातम्या सांगणाऱ्या बायका, कंडक्टर, बँकेतल्या मॅडम, सगळ्यांचे केस असे काही मुळापासून उचललेले दिसायला लागले, की चपट्या डोक्याची बाई गर्दीत ओळखू यावी. आफरीननं सांगलीच्या डॉक्टर आरवाडेंकडे नाव नोंदवलं.

"तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, खाल्ल्यात कधी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आमच्यात चालत नाहीत," आफरीन म्हणाली.

"आमच्यातही नाहीत. मी जैन." दोघी हसल्या. "पण उभारी आली ती तिथूनच. जिवंत शिंपला हातानं उघडून बघा, उघडत नाही. आत एक स्नायू असतो. आपण मूठ आवळून बसलो तर पाच मिनिटांत हात भरून येतो. त्याचा येत नाही. एकदा आवळला की दाराला आतून कडी घातल्यासारखा तसाच राहतो, ताकद खर्च न करता, तासन् तास."

मग त्यांनी पडद्यावर केसाचं मूळ दाखवलं. प्रत्येक केसाच्या मुळाला तिरका चिकटलेला एक इवलासा स्नायू असतो. थंडी वाजली, भीती वाटली, की तो आवळतो आणि आडवा पडलेला केस उभा राहतो. डोक्यावर असे लाखभर केस आणि लाखभर स्नायू. बारीक सुयांचा एक कंगवा फिरवून त्या स्नायूंना शिंपल्याचं ते कडीचं प्रथिन तयार करायला शिकवायचं, की झालं काम. केस जाड होत नाही, नवा उगवत नाही. आहे तोच मुळाशी ताठ उभा राहतो, आणि कायमचा.

"शिंपल्यातून काढलेलं नाही ना?"

"नाही नाही. प्रयोगशाळेत केलंय. तुम्हालाही चालेल, मलाही."

"त्रास?"

"दोन-तीन महिने झिणझिण्या येतील. मग जातील. एक कागद देते, वाचून सही करा."

कागद अकरा पानांचा होता. व्यवसाय या रकान्यात आफरीननं 'दुकान' असं लिहिलं. कशाचं, ते कुणी विचारलं नाही.

दोन दिवसांत केस उठले. आफरीननं आरशात पाहिलं आणि सवयीनं दोन बोटं टाळूकडे नेली, तर उचलायला काही उरलं नव्हतं. सगळं आधीच उचललेलं होतं. ती तिथेच स्टुलावर बसून रडली. सुखानं रडली, आणि यानंतर फार दिवस रडू येणार नाही हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"बाई गं," शाहीन म्हणाली, "डोक्यावर मजला चढवलास की!" शाहीनचे स्वतःचे केस दोन मुठींत न मावणारे, तिला या गोष्टीची गरज कधी पडलीच नव्हती.

दस्तगीरभाईंनी चष्म्यातून पाहिलं. "ओढणीखाली काय चाललंय ते कुणाला दिसणार हाय?" एवढंच म्हणाले. पण दुपारी गिऱ्हाइकाला चहा देताना "ही आमची आफरीन" असं उगाचच सांगितलं. गिऱ्हाईक तिला वीस वर्षं ओळखत होतं.

पुढचे तीन महिने आफरीनला सगळंच सुंदर लागायला लागलं. डोक्यातून झिणझिण्या उठत, मानेवरून उतरत, हातापर्यंत पोचत. भाजीवाल्याची आरोळी ऐकली की काटा. कुकरची शिट्टी झाली की काटा. आणि तंबोरा छेडला की मग तर हातावरचे केस सैन्यासारखे उभे. जी जवारी काढायला तिला चार-चार दिवस लागत, ती तासाभरात व्हायला लागली. तिला वाटलं, आपला हात आता कुठे खरा बसला.

"एवढ्यात झाली?" दस्तगीरभाईंनी विचारलं.

तिनं हात पुढे केला. केस उभे होते. त्यांनी तार छेडली, मान वाकडी करून ऐकली, पुन्हा छेडली. हातापुढे बोलायचं नाही ही रीत त्यांनीच घातलेली.

"माझा कान म्हातारा झाला असंल," ते म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

असे सहा तंबोरे गेले. एप्रिलात पहिला परत आला. घेऊन आल्या त्या बेळगावच्या गायिका ऊर्मिलाबाई कागवाडकर स्वतः. चाळीस वर्षं त्या याच दुकानातून तंबोरे नेत होत्या आणि नव्या जोडीची मागणीही त्यांनी नुकतीच नोंदवली होती. त्या गादीवर बसल्या, तंबोरा मांडीवर घेतला, चारही तारा छेडल्या.

"सगळं जागेवर आहे," त्या म्हणाल्या, "पण बोलत नाही. आफरीन, हे तुझ्या हातचं नाही गं."

दस्तगीरभाईंनी लेकीचा हात धरून उजेडात नेला. झिणझिण्या थांबून दोन आठवडे झाले होते. हातावरचे केस कातडीला चिकटून पडले होते, पूर्वी डोक्यावरचे असायचे तसे. त्यांनी स्वतःची बाही दुमडली, आपल्या हातानं केलेल्या एका तंबोऱ्याची तार तिच्या कानाशी छेडली. त्यांच्या हातावरचे पांढरे केस उठले. तिचे उठले नाहीत.

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून आफरीनला कळलं की ही लाज वाटण्याची वेळ आहे. तिनं वाट पाहिली. लाज आली नाही. मग तिनं चहाचे कप उचलले.

परत आलेले तंबोरे दस्तगीरभाईंनी एकेक करून दुरुस्त केले. एका शब्दानं तिला बोलले नाहीत. ती शेजारी बसून त्यांना कानस द्यायची, दोरा द्यायची आणि त्यांच्या हाताकडे बघायची.

मे महिन्यात ती पुन्हा सांगलीला गेली. डॉक्टर आरवाडेंनी तिच्या पाठीला बर्फ लावून पाहिला, अचानक टाळी वाजवून पाहिली. काही उठलं नाही.

"तुमच्या बोटात अंगठी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ता जाणवतेय का? नाही. पहिल्या दिवशी जाणवली असेल. मेंदूला एकच निरोप सारखा यायला लागला की तो ऐकणं सोडून देतो. तुमच्या डोक्यावरचे लाख स्नायू अहोरात्र एकच निरोप देतायत, शहारा आला, शहारा आला. सुरुवातीला मेंदूनं तो ऐकला. मग कंटाळला आणि शहाऱ्याची वाटच बंद केली, सगळ्या अंगाची. आणि आता असं दिसतंय की नुसता शहारा जात नाही. आनंद, दुःख, भीती आधी अंगाला कळतात, मग आपल्याला. अंगाकडून निरोपच आला नाही तर मन कशाच्या जोरावर हलणार?"

"तुम्हाला हे आधी माहीत होतं?"

"नवव्या पानावर होतं. 'काही ग्राहकांना मनःशांतीचा अनुभव येतो.'" डॉक्टरांनी चष्मा काढला. "मलाही त्याचा अर्थ कळला नव्हता. आता कळतोय."

आणि लोक तर खूश होते. नवराबायकोची भांडणं कमी झाली. ऑफिसात साहेब ओरडला तरी कुणाच्या मनाला लागेनासं झालं. भुताचे सिनेमे पडले, सभांतून टाळ्या पडत पण कुणी पेटून उठत नसे, लग्नात मुलगी निघाली की मांडवातली माणसं मोबाईल बघत. कंपनीनं पाहणी केली तेव्हा शंभरातले शहाण्णव समाधानी निघाले. ज्यांना काही वाटतच नाही, त्यांनी तक्रार कशी आणि कशाबद्दल करायची?

"कडी काढता येते," डॉक्टर म्हणाल्या. "उलटं इंजेक्शन आहे. पण सैल पडलेला स्नायू मरतो. केसाला वाढ म्हणून सांगणारी नस त्याच्याच आधारानं मुळाशी पोचते. तो गेला की केसही जातो. सगळे जातील, आणि परत यायचे नाहीत. आणि हे वर्षाच्या आत करावं लागतं, म्हणजे तुमचं जानेवारीपर्यंत. नंतर वाट कायमची बुजते. एवढं करून शहारा परत येईलच याची खात्री मी देणार नाही. कुणी करून पाहिलेलंच नाही."

"कुणीच नाही?"

"अजून एकही माणूस मागायला आलेला नाही. तुम्हाला हवाय का परत?"

आफरीननं विचार केला. शहारा नसेल तर जवारी नाही. जवारी नसेल तर दस्तगीरभाईंच्या मागे या दुकानात नुसते सांगाडे तयार होतील. हे सगळं तिला पाठ असल्यासारखं कळत होतं. पण हवंय का, या प्रश्नाशी येऊन ती थांबली. हवंसं वाटणं हेही एक वाटणंच होतं.

"मला सांगता येत नाही," ती म्हणाली आणि घरी आली. शिवाय केस छान दिसत होते.

ऑगस्टमध्ये एका सकाळी दस्तगीरभाई दुकानात कोसळले. शाहीन किंचाळली, शेजारी धावले. आफरीननं त्यांना कुशीवर वळवलं, तोंडातली तपकीर बोटानं काढली, रुग्णवाहिका बोलावली, कागदपत्रांची पिशवी घेतली. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं उशीर झाला असता तर माणूस गेला असता. गल्लीनं तिच्या धीराचं तोंडभर कौतुक केलं. धीर धरायला आधी घाबरावं लागतं, आणि आपण घाबरलो नव्हतो हे आफरीनला चांगलं माहीत होतं.

ते वाचले. डावं अंग गेलं, जीभ जड झाली. उजवा हात हलत होता, पण त्यात कानस धरण्याएवढी ताकद उरली नव्हती.

ऊर्मिलाबाईंच्या जोडीतला एक तंबोरा त्यांनी आजारापूर्वी पुरा केला होता. दुसरा तारा चढवून तसाच उभा होता. जोडीचे दोन तंबोरे एकमेकांना असे लागावे लागतात, की एक छेडला तर न छेडलेल्या दुसऱ्याच्या तारा आपोआप थरथरतात. मोबाईलवर सूर मोजून बघायची सोय होती. आफरीननं ती वापरून पाहिली. मोबाईल सगळं बरोबर आहे म्हणाला आणि तंबोरा मुकाच राहिला.

नोव्हेंबरात तिला एक युक्ती सुचली. तिनं वडिलांची खाट दुकानात आणली. त्यांच्या सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत दुमडली, हात उशीवर उजेडात ठेवला आणि स्वतः तंबोरा घेऊन खाली बसली.

"माझा गेला, अब्बा," ती म्हणाली. "तुमच्याला विचारते."

दस्तगीरभाईंनी डोळे मिटले. ती घासायची, दोरा सरकवायची, छेडायची आणि मान वर करून त्यांच्या हाताकडे बघायची. केस झोपलेले असले की पुन्हा घासायची. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी सकाळी तार छेडून दोरा बदलायला ती खाटेजवळ सरकली, तेव्हा तिची ओढणी खांद्यावर घसरली. दस्तगीरभाईंनी थरथरता उजवा हात उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

वर्ष होत आलं होतं, पण त्या केसांना त्यांनी हात लावला नव्हता. लहानपणी ते तिच्या डोक्यावरून हात फिरवत तेव्हा केस तळव्याखाली दबून जात. आता दबले नाहीत. तळव्याला मुळं ताठ लागत होती, एकूण एक. त्यांची बोटं तिथेच थांबली. मग मनगटापासून कोपरापर्यंत त्यांच्या हातावरचे पांढरे केस एकेक करून उभे राहिले.

आफरीननं ते पाहिलं. तार अजून घुमत होती. तिनं कानस खाली ठेवली.

"झालं, अब्बा. खुलली."

दस्तगीरभाईंनी मान हलवली. जड जिभेनं एकेक शब्द ढकलत ते बोलले.

"तारेनं न्हाई."

"मग?"

"मांजराचं पिल्लू... भ्यालं की... असंच लागतंय हाताला." त्यांनी श्वास घेतला. "वर्षभर... अशीच हैस व्हय गं, बाळा?"

आणि ते रडायला लागले. अर्ध्याच चेहऱ्यानं रडत होते, कारण उरलेला अर्धा हलत नव्हता. आफरीननं ओढणीच्या टोकानं त्यांचे डोळे पुसले. तिला काही वाटलं नाही. आतून काही येतंय का याची तिनं प्रामाणिकपणे वाट पाहिली, आणि नाहीच आलं. पण तिची नजर पुन्हा त्या हाताकडे गेली. केस अजून उभेच होते.

हातावर केस उभे राहिले की आपलं मत बाजूला ठेवायचं आणि हात सांगतो ते करायचं, हे ती एकोणतीस वर्षं करत आली होती. तिला काय हवंय ते तिला कळत नव्हतं, पण या घरात ते विचारायची रीतही नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसनं ती सांगलीला गेली.

"नक्की?" डॉक्टर आरवाडेंनी विचारलं. "काही वाटायला लागलंय का तुम्हाला?"

"नाही. हातावर काटा आला."

"तुमच्या?"

"अब्बांच्या."

डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांनी इंजेक्शन भरलं.

तीन आठवड्यांत सगळे केस गेले. उशीवर, ताटात, चहात, घोडीच्या खाचेत, जिथे बघावं तिथे केस. शाहीन केर काढता काढता हुंदके द्यायची आणि आफरीन तिला सुपली धरायची. शेवटी डोकं अगदी भोपळ्यासारखं गुळगुळीत झालं. दस्तगीरभाई रोज सकाळी त्याच्यावरून हात फिरवायचे. त्यांच्या हातावरचे केस आता शांत पडून असायचे.

जानेवारीच्या शेवटी, दुपारच्या चहाची वेळ होती, तेव्हा ते गेले. दुसरा तंबोरा अपुराच होता.

आफरीननं दुबईला भावाला कळवलं, कफनाचं कापड आणवलं, बायकांना बसायला सतरंज्या घातल्या. जनाजा उचलला तेव्हा शाहीनला दोघी-तिघींनी धरून ठेवलं होतं. आफरीनला धरायची गरज पडली नाही. ती दारात उभी राहून कोणाच्या चपला कोणत्या ते बघत होती. तिसऱ्या दिवशी जियारत झाली, मग चाळिसावा झाला. चाची शाहीनच्या कानात म्हणाली, "केसासंगं काळीज बी गेलं का काय हिचं?" आफरीननं ते ऐकलं. चाचीचं म्हणणं खोटं आहे असं तिला वाटलं नाही.

पण ती रोज सकाळी दुकान उघडायची. डोक्याला घट्ट ओढणी बांधायची, उजवी बाही कोपरापर्यंत दुमडायची आणि तो तंबोरा घेऊन बसायची. आता विचारायला दुसऱ्याचा हात नव्हता. ती थोडं घासायची, छेडायची, स्वतःच्या हाताकडे बघायची. जास्त घासून घोडी वाया जाऊ नये म्हणून दिवसाला फक्त दोनदा कानस लावायची. ऊर्मिलाबाईंचा निरोप आला, सावकाश होऊ दे. घाई करण्यासारखं तिच्यात तसंही काही नव्हतं.

एप्रिल संपत आला. मिरजेत असलं ऊन पडलं होतं, की दुपारी बाराला गल्लीत कुत्रंही फिरकत नव्हतं. वीज गेली होती, पंखा बंद होता. घामानं कानस बोटांतून निसटत होती. आफरीननं ती पुसली, घोडीवर एकदाच हलका हात फिरवला, दोरा जरासा पुढे सरकवला आणि तार छेडली.

मानेवरून काहीतरी गार उतरलं. तिला वाटलं, वीज आली. वर पाहिलं तर पंखा तसाच होता. तिनं पुन्हा छेडलं. या वेळी चारही तारा. आणि कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेला जोडीतला पहिला तंबोरा, अब्बांनी पुरा केलेला, कुणी हात न लावता आपणहून गुंजायला लागला.

आफरीननं हाताकडे पाहिलं. घामानं चिकटलेले केस मनगटापासून एकेक सुटत होते आणि उभे राहत होते. तिनं कानस खाली ठेवली. छाती भरून आली, इतकी की श्वास मावेना. खुलली, जवारी खुलली!

"अब्बा!" ती ओरडली. "अब्बा, बघा!"

ती हात पुढे धरून खाटेकडे वळली. खाट तिथे नव्हती. फेब्रुवारीतच तिनं ती स्वतः आवरून माळ्यावर टाकली होती. रिकाम्या जागेत ऊन पडलं होतं. आफरीन त्या जागेकडे बघत राहिली, आणि तीन महिने दाराबाहेर थांबलेलं सगळं एकदम आत आलं. तो अर्धा रडणारा चेहरा, तो डोक्यावर थांबलेला हात, परत आलेल्या सहा तंबोऱ्यांवर एक शब्द न बोलता वाकलेली ती पाठ, माझा कान म्हातारा झाला असंल. ती जमिनीवर बसली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिला स्वतःलाही ओळखता आला नाही.

शाहीन कणकेचे हात तसेच घेऊन धावत आली.

"काय झालं? कापलं का? काय झालं गं?"

आफरीननं तिच्याकडे वर पाहिलं. उजवा हात अजून तसाच पुढे धरलेला होता.

"शाहीन," ती म्हणाली, "अब्बा गेले गं!"

शाहीन दारातच थांबली. मग ती आत आली, तिच्याजवळ खाली बसली आणि कणकेनं माखलेल्या हातांनीच तिनं ते गुळगुळीत डोकं छातीशी धरलं.

"व्हय गं," ती म्हणाली. "गेले."